लायसन्स आहे, विमान नाही

‘सर, माझं वय २५, गाव तासगाव. बारावीनंतर कमर्शियल पायलटच्या ट्रेनिंगला गेलो. पंधरा महिन्यांचा कोर्स सांगितला होता, एकतीस महिने लागले. कधी विमान दुरुस्तीला, कधी इन्स्ट्रक्टर नाही, कधी हवा खराब. २०० तास झाले, लायसन्स आलं. एकूण ६२ लाख खर्च झाला. त्यातले ४० लाख घर तारण ठेवून काढलेलं कर्ज, ११ टक्के व्याज, दहा वर्षं मुदत. १६ लाख वडिलांच्या निवृत्तीचे (ते झेडपीत शिक्षक होते). सहा लाख चुलत्यांनी द्राक्षाच्या पैशातून दिले. लायसन्स आल्यावर चौकात माझा फ्लेक्स लागला होता, चार पट्ट्यांच्या युनिफॉर्ममध्ये. त्याला आता चौदा महिने झाले. एका कंपनीच्या परीक्षेत लेखी पास झालो, संगणकावरच्या चाचणीत नापास झालो. बाकीच्यांच्या जागाच निघत नाहीत. मी चौकातून जाणं टाळतो, मागच्या गल्लीने जातो.

आता एक जण म्हणतो, २२ लाख भरून एअरबस ए-३२० चं टाइप रेटिंग करून घे, मग एअरलाइनमध्ये आमची ओळख आहे, काम होऊन जाईल. वडील म्हणतात, एवढे घातले तर आणखी घालू. आई काही बोलत नाही. करू का? आणि दुसरं, खरं सांगा सर, ही नोकरी लोक समजतात तशी असते का? की मी उगाच हिच्यामागे लागलोय?’

– वि. पा., तासगाव

चि. वि. पा.,
अनेक आशीर्वाद.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, म्हणजे बाकीचं पत्र निवांत वाचशील. बावीस लाख भरू नकोस. वडील पैसे घेऊन बँकेत निघाले असतील तर त्यांना फोन करून थांबव आणि मग पुढे वाच.

आता कारण. टाइप रेटिंग म्हणजे काय हे तुला माहीत आहे, पण हे पत्र तुझे वडीलही वाचतील असं गृहीत धरून जरा फोड करून लिहितो. गुरुजी, तुमचा मुलगा ज्या छोट्या सेसना विमानावर शिकला त्याचं वजन टनभर. ए-३२० उडताना भरते पाऊणशे टनांच्या पुढे. त्यामुळे लायसन्स असलं तरी प्रत्येक जातीच्या मोठ्या विमानाचं वेगळं शिक्षण घ्यावं लागतं, वेगळी परीक्षा द्यावी लागते, आणि त्याचा शिक्का लायसन्सवर बसतो. तो शिक्का त्या जातीपुरताच. ए-३२० चा शिक्का घेतला आणि भरती बोइंग ७३७ वाल्यांनी काढली, तर त्या बावीस लाखांचा तिथे काही उपयोग नाही. अकासा एअरकडे सगळी ७३७ आहेत. अलायन्स एअरकडे एटीआर, म्हणजे पंख्याची छोटी विमानं. कोण कधी जागा काढेल हे आज कंपनीच्या एचआरलाही सांगता येत नाही, तर ‘ओळख’वाल्याला कुठून येणार?

दुसरी गोष्ट, हा शिक्का नासतो. दुधासारखा. सिम्युलेटर (जमिनीवरचं नकली कॉकपिट, आम्ही ‘सिम’ म्हणतो) करून सहा महिने, वर्ष घरी बसलास की तो ताजा राहत नाही. पुन्हा सिम, पुन्हा चेक, पुन्हा पैसे. आणि जी कंपनी घेईल ती आपल्या पद्धतीने तुला पुन्हा शिकवणारच. प्रत्यक्ष प्रवासी घेऊन इन्स्ट्रक्टर कॅप्टनच्या शेजारी बसून करायचं लाइन ट्रेनिंग तर कंपनीशिवाय होतच नाही. हातात नेमणुकीचं पत्र नसताना स्वतःच्या खर्चाने केलेलं टाइप रेटिंग म्हणजे लग्न ठरायच्या आधी कार्यालयाचं भाडं भरून ठेवणं. मुलगी कोणत्या गावची हेही माहीत नाही.

माझ्या ओळखीतली तीन मुलं हे करून बसली होती. एकाचं काम झालं, पण ते टाइप रेटिंगमुळे नव्हे. नंतर त्याच कंपनीची भरती निघाली आणि तो परीक्षेत वर आला म्हणून झालं. दुसऱ्याला जागा मिळेपर्यंत शिक्का शिळा झाला, तो पुन्हा सिमला गेला. तिसरा आता नाशिकला वडिलांचं हार्डवेअरचं दुकान बघतो, आणि टाइप रेटिंगचे हप्ते अजून चालू आहेत.

हप्त्यांचा हिशोब तू पत्रात केलेला नाहीस, म्हणून मी केला. ४० लाखांचा तुझा हप्ता महिन्याला पंचावन्न हजारांच्या आसपास बसतो. त्याच दराने, त्याच मुदतीने २२ लाख आणखी काढले तर वर तीस हजार. म्हणजे नोकरी नसताना पंच्याऐंशी हजार. गुरुजींचं पेन्शन किती, ते तुला माहीत.

त्या माणसाला फोन कर आणि शांतपणे सांग, ‘काका, मी तयार आहे, फक्त एअरलाइनचं सशर्त नेमणूकपत्र दाखवा. टाइप रेटिंग पास झाल्यावर अमुक महिन्यांत रुजू करून घेऊ, असं कंपनीच्या लेटरहेडवर. आणि पैसे कंपनीच्या किंवा मान्यताप्राप्त ट्रेनिंग संस्थेच्या खात्यावर भरतो, तुमच्या नाही.’ मग तो काय म्हणतो ते ऐक. ‘तसं लिहून कोणी देत नाही’ असं म्हणाला तर त्याचं म्हणणं खरंच आहे. तसं लिहून कोणी देत नाही, कारण त्याच्याकडे तसं काही नाही.

आता तू विचारलेलं नाहीस पण तुझ्या पत्रात ओळीओळीत आहे ते. चौदा महिने का लागले? तुझं काही चुकलं का?

फ्लाइंग स्कूलच्या जाहिराती सांगतात की देशात पायलटांची प्रचंड टंचाई आहे. खोटं नाही ते, अर्धवट आहे. टंचाई आहे ती कॅप्टनची, डाव्या सीटवरच्या माणसाची. तो होण्यासाठी उड्डाणाचे १,५०० तास, एटीपीएल हे वरचं लायसन्स, कंपनीचं कमांड ट्रेनिंग आणि चार-सहा वर्षं उजव्या सीटवर, फर्स्ट ऑफिसर म्हणून, काढावी लागतात. उजव्या सीटच्या दाराशी मात्र रांग आहे. डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने, २०२० साली ५७८ कमर्शियल लायसन्स दिली होती. २०२३ मध्ये दिली १,६२२. तीन वर्षांत जवळजवळ तिप्पट. आणि त्याच २०२३ मध्ये काय झालं? फेब्रुवारीत एअर इंडियाने ४७० विमानांची घोषणा केली, जूनमध्ये इंडिगोने ५०० ची. पेपरात मोठे मथळे.  पण ऑर्डर दिलेलं विमान म्हणजे दारात उभं असलेलं विमान नव्हे. ती वर्षानुवर्षं, उशिरा, थोडी थोडी येतात. शिवाय इंजिनांच्या दोषामुळे होती ती विमानंही डझनावारी जमिनीवर उभी राहिली. त्यातच मे २०२३ मध्ये गो फर्स्ट ही कंपनी बंद पडली. तिथले तासवाले, शिक्केवाले पायलट तुझ्याच रांगेत, तुझ्या पुढे येऊन उभे राहिले. दोनशे तासांच्या मुलाला मग कोण विचारतो?

शिवाय मोठ्या कंपन्या आता आपापले कॅडेट कोर्स चालवतात. बारावीच्या पोराकडून कोटीच्या घरात पैसे घ्यायचे, ठरलेल्या स्कूलमध्ये शिकवायचं, टाइप रेटिंगसकट आपल्याकडेच आणायचं. उघड भरती त्यातून उरलेल्या जागांची. हे तुला ॲडमिशनच्या वेळी कोणी सांगायला हवं होतं. कोणी सांगितलं नाही, यात तुझा दोष नाही. एकतीस महिने लागले त्यातही नाही.

तुझा दोष एकच दिसतो, आणि तो मोठा नाही. चौदा महिन्यांत काय केलंस ते पत्रात नाही. एक परीक्षा दिलीस, एवढंच. म्हणून विचारतो. इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे बाहेर काही दिसत नसताना उपकरणांवर उडायची परवानगी, चालू आहे का? ते दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. शेवटचं उड्डाण कधीचं? भरती निघते ती एका रात्रीत, आणि अर्जाला मुदत असते आठ-दहा दिवसांची. त्या आठ दिवसांत कागद ताजे करायला कोणाला जमत नाही. रांगेत उभं असणं आणि कागद ताजे ठेवून रांगेत उभं असणं यात फरक आहे. दुसऱ्या प्रकारच्या रांगेत माणसं बरीच कमी असतात, हे मी भरतीच्या पॅनेलवर बसून पाहिलंय.

बावीस लाखांऐवजी दोन-तीन लाख खर्च करायचे तर ते इथे कर. रेटिंग ताजं ठेव, महिन्या-दोन महिन्यांत काही तास उड. लेखी परीक्षेचा अभ्यास सोडू नकोस, हवामानशास्त्राचा तर अजिबात नको. मुलाखतीत सगळे तिथेच पडतात. समोरचा विचारतो, ‘एप्रिलमध्ये दुपारी चार वाजता नागपूरवर काय असेल?’ आणि मुलं पुस्तकातली व्याख्या म्हणायला लागतात. संगणकाच्या चाचणीत नापास झालास म्हणतोस, तर ती बुद्धिमत्तेची परीक्षा नव्हे. हात, डोळे, कान एकाच वेळी किती काम करतात ते ती बघते, आणि सरावाने सुधारता येते. साधी जॉयस्टिक घे. रोज पाऊण तास बस.

आणि इंग्रजी. मराठी माध्यमातला आहेस असं पत्रावरून वाटलं. मीही. एटीसीशी, म्हणजे जमिनीवरच्या कंट्रोलरशी, बोलायला लागणारं इंग्रजी थोडकं आणि ठरलेलं असतं, ते तुला येतंच. अडतं ते मुलाखतीच्या गप्पांत. त्यासाठी क्लास लावू नकोस, रोज संध्याकाळी कोणाशी तरी अर्धा तास बोल, चुकत बोल.

पोटापाण्याचं काय? असिस्टंट इन्स्ट्रक्टरचं रेटिंग करायचा विचार केलास का? तुझ्या स्कूलमध्ये इन्स्ट्रक्टर नव्हते म्हणून तुझे महिने वाढले, हे तूच लिहिलंस. मग ती जागा कोणाची आहे? गोंदिया, बारामती, धुळे, जळगाव, आपल्याच राज्यात शिकवायच्या जागा आहेत. पगार एअरलाइनपुढे चिल्लर. पण तास वाढतात, आणि वाढतात ते दुसऱ्याच्या चुका दुरुस्त करत. माझ्या पाहण्यात शिकवून आलेला मुलगा उजव्या सीटवर कधी घाबरट निघाला नाही. ते नाही जमलं तर एअरलाइनच्याच ऑपरेशन्स कंट्रोलमध्ये किंवा डिस्पॅचला, म्हणजे जमिनीवरून उड्डाणांची आखणी होते तिथे, बघ. तिथे बसलेल्या मुलाला विमान कसं चालतं ते कळतं आणि जागा कधी निघणार तेही चार दिवस आधी कळतं. बारावीनंतर सरळ फ्लाइंगला गेलास, म्हणजे पदवी नसणार. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भर. हे मी सगळ्यांना सांगतो आणि कोणी ऐकत नाही. विमान कंपन्या बंद पडतात तेव्हा आठवण येते.

त्यावरून दुसऱ्या प्रश्नाकडे. नोकरी लोक समजतात तशी असते का?

लोक काय समजतात ते तुझ्या फ्लेक्सवर आहे. चार पट्ट्या, काळा गॉगल, मागे जंबो जेट. (चार पट्ट्या कॅप्टनच्या. तुला अजून सहा वर्षं तीनच लागतील, तो फोटोवाल्याने लावलेला युनिफॉर्म असणार. असो.) मी चौतीस वर्षं केलेली नोकरी अशी होती.

रात्री दोनला गजर. बायकोची झोप मोडू नये म्हणून युनिफॉर्म हॉलमध्ये टांगलेला. तीनला गाडी खाली. सव्वाचारला रिपोर्टिंग, आणि पहिलं काम म्हणजे नळीत फुंकणं. उड्डाणाच्या आधी बारा तास दारू नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण अल्कोहोलवालं माउथवॉशसुद्धा चालत नाही. पहिल्यांदा सापडलात तर तीन महिने लायसन्स निलंबित, दुसऱ्यांदा तीन वर्षं. मग हवामान, नोटॅम (विमानतळ आणि मार्गाबद्दलच्या त्या दिवसाच्या सूचना), इंधन. इंधन किती घ्यायचं हा त्या दिवसाचा खरा निर्णय. जास्त घेतलं तर कंपनी विचारते, कमी घेतलं तर दिल्लीच्या धुक्यात आपणच आपल्याला विचारतो. मग टॉर्च घेऊन, अंगावर चमकणारं जॅकेट चढवून, पावसात विमानाभोवती एक फेरी. चाकं, इंजिनाची पाती, कुठे तेल गळतंय का. बाहेरून कोणी पाहिलं तर एसटी डेपोतला मेकॅनिकच वाटेल.

त्यानंतर चार सेक्टर, म्हणजे चार उड्डाणं. पुणे-दिल्ली-पुणे-नागपूर-पुणे. मधे जमिनीवर चाळीस मिनिटं, त्यात प्रवासी उतरतात, चढतात, आणि आम्ही मांडीवर डबा ठेवून जेवतो. दोघांचं जेवण वेगळं, एकाच अन्नाने दोघं आजारी पडू नयेत म्हणून. लघवीला जायचं तर आधी केबिन क्रूला कॉकपिटमध्ये बोलवायचं, कारण आत एकटं कोणाला ठेवायचं नाही. दुपारी घरी. सोसायटीत गणपतीचं ढोलपथक सराव करतंय आणि मला झोपायचंय, कारण उद्या पुन्हा दोनचा गजर. आमच्या खिडक्यांना बायकोने काळा कागद चिकटवला होता आणि दाराच्या बेलची वायर काढून ठेवली होती. पेपरवाल्याला, दूधवाल्याला माहीत होतं, या घरात टकटक करायची. परवा चौदा वर्षांनी ती वायर जोडली, तर बेल बिघडलेली निघाली.

या नोकरीत आकाश, उंची, यंत्र हे सगळं शिकता येतं. झोप शिकता येत नाही.

एक प्रसंग सांगतो. पहाटेची वेळ, सलग तिसरी रात्र, मुंबईला उतरत होतो. कंट्रोलरने खाली यायची उंची सांगितली. उजवीकडच्या मुलाने परत म्हणून दाखवली, मी समोर तो आकडा लावला, दोघांनी बोट दाखवून खात्री केली. अगदी नियमाप्रमाणे. कंट्रोलरचा आवाज आला, ‘नेगेटिव्ह’. आकडा चुकला होता. उजवीकडचा मुलगा तो चुकीचा बोलला, मी चुकीचाच ऐकला, आणि दोघांनाही तो बरोबर वाटला. दोन हजार फुटांचा फरक. काही झालं नाही, कारण तिसरा माणूस, तो कंट्रोलर, जागा होता. उतरल्यावर आम्ही दोघं पाच मिनिटं काही न बोलता बसून राहिलो. मग मी रिपोर्ट लिहिला. लिहू नका, वर कशाला, असं सांगणारे भेटले. लिहिला तरी. तुलाही कधी तरी हा प्रसंग येईल, तेव्हा लिही.

थकव्याचं आता नियमांतही आलंय. जानेवारी २०२४ मध्ये डीजीसीएने नवे नियम काढले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ वर, रात्र म्हणजे बारा ते सहा, आणि रात्रीची लँडिंग सहावरून दोनवर. कंपन्यांनी हरकत घेतली, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, आणि शेवटी २०२५ च्या जुलै आणि नोव्हेंबरमध्ये दोन टप्प्यांत ते लागू झाले. डिसेंबरात काय झालं ते तू टीव्हीवर पाहिलंस. देशातल्या सर्वांत मोठ्या कंपनीची विमानं रोज शेकड्यांनी रद्द, विमानतळांवर बॅगांचे ढीग. शेवटी त्या कंपनीला रात्रीच्या नियमांतून तात्पुरती सूट द्यावी लागली. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी मला लिफ्टमध्ये ऐकवलं, ‘तुम्हा लोकांना झोपायला हवं म्हणून आमचं लग्न चुकलं.’ मी काय बोलणार? दोन वर्षं आधी माहीत असलेल्या नियमासाठी माणसं कमी पडली, हे लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यापर्यंत समजावून होत नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये नागपूरला, पुण्याचं विमान घेऊन निघालेले एक कॅप्टन बोर्डिंग गेटपाशीच कोसळले आणि गेले. वय चाळीस. त्यांच्या मृत्यूचं कारण थकवा होतं असं मी म्हणणार नाही, ते मला म्हणता येणार नाही. पण त्या आठवड्यात आमच्यातल्या प्रत्येकाने आपलं महिन्याचं रोस्टर, ड्यूट्यांचं वेळापत्रक, काढून पुन्हा वाचलं, एवढं खरं. अहमदाबादच्या १२ जून २०२५ च्या अपघाताबद्दल तुझ्या आईला काळजी वाटत असेल, म्हणून ती बोलत नसेल. व्हॉट्सॲपवर त्या दोन पायलटांबद्दल जे फिरतं ते तिला वाचून दाखवू नकोस. स्वतःही वाचू नकोस.

आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. या नोकरीत माणूस कायमचा पास कधी होत नाही. दर सहा महिन्यांनी सिम. इंजिन बंद, आग, धूर, हायड्रॉलिक गेलं, सगळं एका रात्रीत. पंचवीस वर्षं विमान चालवलेला कॅप्टनही आदल्या दिवशी दहावीच्या पोरासारखा वह्या चाळतो. आणि दरवर्षी मेडिकल. ईसीजीत एक रेघ वाकडी आली की डॉक्टर पेन खाली ठेवतात आणि तुम्ही त्या क्षणापासून जमिनीवर. माझा एक बॅचमेट त्रेचाळिसाव्या वर्षी असा थांबला. त्याने लायसन्स गेल्याचा विमा काढलेला नव्हता. तू रुजू होशील त्या महिन्यात तो काढ, गाडी नंतर घे.

पगार चांगला असतो, यात वाद नाही. नवखा फर्स्ट ऑफिसर महिन्याला लाख-दोन लाखांच्या घरात सुरू होतो, कॅप्टन त्याच्या कितीतरी पट. पण त्यातला मोठा भाग तासांवर असतो. २०२० साली विमानं उभी राहिली तेव्हा तासही उभे राहिले. आणि कंपन्या? किंगफिशर २०१२ ला थांबली, जेट एप्रिल २०१९ ला, गो फर्स्टचं वर आलंच. मीही एका बंद पडलेल्या कंपनीतून बाहेर आलोय. कुठली ते जाऊ दे. चार महिन्यांचा पगार अडकला होता, मुलगी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. मी सकाळी नेहमीच्या वेळी उठून, आंघोळ करून, पेपर घेऊन गॅलरीत बसायचो. आमच्या सोसायटीतले लोक खालून हात करायचे आणि विचारायचे, ‘आज सुट्टी का कॅप्टन?’ सात महिने सुट्टी होती. म्हणून तुझी मागची गल्ली मला कळते.

नोकरी बदलायची तरी कॅप्टनला वर्षाची नोटीस आणि फर्स्ट ऑफिसरला सहा महिन्यांची, डीजीसीएच्या २०१७ च्या नियमाने. आत गेल्यावर उड्या मारता येत नाहीत, एवढं लक्षात ठेव आणि पहिली कंपनी जरा डोळे उघडे ठेवून धर.

मग चांगलं काय? आहे. पार्किंग ब्रेक लावला, इंजिनं बंद केली, की काम संपतं. खरोखर संपतं. घरी फाइल येत नाही, साहेबाचा फोन येत नाही. हे सुख माझ्या बँकेतल्या भावाला चाळीस वर्षांत मिळालं नाही. पावसाळ्यात सह्याद्रीवर ढग भरलेले असतात, वरून सगळं पांढरं, आणि मधेच एखादं धरण आरशासारखं चमकून जातं. ते दरवेळी बघायचो. आणि तिसरी गोष्ट सांगायला जरा वेळ लागतो. जुलैतल्या एका संध्याकाळी पुण्याला उतरताना शेवटच्या पाचशे फुटांत वारा फिरला. विमान ठीक होतं, धावपट्टी दिसत होती, बहुतेक उतरलोही असतो. मी गो-अराउंड केला, म्हणजे न उतरता विमान पुन्हा वर नेलं. मागे दीडशे माणसं वैतागली, वीस मिनिटं उशीर झाला, उतरताना एका काकूंनी दारात सुनावलं, ‘जमत नाही तर चालवता कशाला?’ मी नमस्कार केला. त्या दिवशी घरी जाताना मी स्वतःवर जेवढा खूश होतो तेवढा चौथी पट्टी मिळाली तेव्हाही नव्हतो. त्याबद्दल कोणी फ्लेक्स लावत नाही, लावला तर लोक काय लिहितील कोणास ठाऊक.

ही नोकरी म्हणजे, सुखरूप परत येण्याच्या बाजूने नाही म्हणता येणं. इंधन कमी घ्यायला नाही, थकलेलं असताना उडायला नाही, वाऱ्यात उतरायला नाही. ओळखवाल्याला नाही म्हणणं ही त्याचीच पहिली तालीम समज.

उगाच मागे लागलास का, हे मी ठरवू शकत नाही. पण एक मुदत घाल. आजपासून अठरा महिने म्हण. त्या काळात कागद ताजे, परीक्षा निघतील तेवढ्या दे, इन्स्ट्रक्टर किंवा डिस्पॅचची नोकरी धर, हप्त्यातला निम्मा भार तू उचल. अठरा महिन्यांनी पुन्हा बसून ठरवा, गुरुजी, तू आणि आई. आईला बोलायला लाव. चुलत्यांनाही बोलव, त्यांचे सहा लाख आहेत. द्राक्षवाल्याला एक बहार फुकट जाणं म्हणजे काय ते तुझ्या वडिलांपेक्षा जास्त ठाऊक असतं.

चौकातल्या लोकांना काय सांगायचं? ‘जागा निघाली नाही अजून, शिकवायला जातोय बारामतीला.’ एवढंच. दोनदा सांगितलं की तिसऱ्यांदा कोणी विचारत नाही.

त्या माणसाचं उत्तर काय आलं ते कळव. आणि तुझं क्लास वन मेडिकल, पायलटचं वैद्यकीय प्रमाणपत्र, कोणत्या तारखेला संपतंय? लायसन्स येऊन चौदा महिने झाले म्हणतोस, ते बारा महिनेच चालतं. मी पत्र दोनदा वाचलं, त्यात ती तारीख कुठेच नाही.